साखराबाई, ताहयात

विठ्ठलरावानं आईला तिचं स्वतःचं नाव पाठ करायला बसवलं ते शुक्रवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. ओसरीवर जाजम अंथरलं होतं. सुंदरराव पाटील खांबाला टेकून सुपारी कातरत होते. त्यांची थोरली बहीण छबुबाई विधवा होऊन माहेरी आली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. ती उंबऱ्याच्या आत पाठमोरी बसून डाळ निवडत होती. पाठ केली तरी कान बाहेरच होते.

"पुन्हा म्हन, माय," विठ्ठलराव म्हणाला. "नाव?"

"साखराबाई."

"जौजे? म्हंजे बायको कुनाची?"

"आता त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

"पेशकारापुढं घ्यावंच लागंल."

"सुंदरराव," ती जमिनीकडं बघत म्हणाली. पाटलांचा अडकित्ता क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"वालिद? म्हंजे बाप."

"दगडूबा."

विठ्ठलरावानं हातातला कागद जाजमावर आपटला. "रावजी. कड्याचे रावजी देशमुख. चौथ्यांदा सांगतोय तुला."

"तोंडात त्योच येतो रे बाबा. बापच हाय ना त्यो माझा."

अठ्ठावीस वर्षं एखाद्या बाईला दुसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारली, तरी बापाचं नाव तोंडातून जात नाही, हे विठ्ठलरावाला कळायला हवं होतं. पण तो शिकलेला होता, उर्दू फर्डं वाचायचा, त्यामुळं असल्या गोष्टी त्याला कळत नसत.

झालं होतं ते असं. मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी आली, त्यात सुंदररावांची पहिली बायको साखराबाई गेली. लेकरूबाळ नव्हतं. वर्ष उलटायच्या आत नांदूरघाटच्या दगडूबाची तेरा वर्षांची बायडा या घरात आली. लग्नात नाव बदलायची वेळ झाली. ताटात गहू पसरले, भटजींनी नवऱ्याचं बोट हातात धरलं आणि विचारलं, कोणतं नाव लिहायचं? सासू म्हणाली, साखराच लिवा, नवं नाव कोन ध्यानात ठेवील. गव्हात साखरा उमटली. मेलेल्या सवतीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक पोरीच्या गळ्यात बांधला. तेव्हापासून पहिला घास टाकाला, नवं लुगडं आधी टाकाला लावायचं आणि मग नेसायचं. बायडा कुठं गेली, असं कुणी विचारलं नाही. या घरात विचारणार तरी कोण? आपण मात्र तिला बायडाबाईच म्हणू.

आणि मळ्याचं असं होतं. पहिल्या साखराबाईच्या वडिलांनी, कड्याच्या रावजी देशमुखांनी, लेकीसाठी याच गावात मांजरेकाठची अठरा एकर बागाईत घेऊन दिली होती. पट्ट्यावर लिहिलं होतं, साखराबाई जौजे सुंदरराव, ताहयात. म्हणजे ती जिवंत आहे तोवर मळा तिचा, मग परत देशमुखांचा. ती गेली तेव्हा गावात रोज सात-आठ माणसं जात होती, आणि मरणाची नोंद करायचं काम ज्या पाटलाकडं, तो तिचा सासराच. त्यानं नोंद केली नाही. आधी विसरून, आणि मग न विसरता. रावजी देशमुखांनीही कधी विषय काढला नाही. गळ्यात आपल्या लेकीचा टाक घातलेली ही पोर दारात उभी राहिली की ते डोळे पुसत, चोळीबांगडी करत, परत पाठवत. मागच्या साली ते वारले. त्यांच्या दत्तक लेकानं, बंकटनं, केजच्या तहसिलीत अर्ज लावला: साखराबाई केव्हाच मेलेली आहे, मळा आमचा आम्हाला मिळावा. चौकशीला तहसिलीतला पेशकार उद्या सकाळी येणार होता. पाटलांच्या घरच्या बायका चावडीवर जात नाहीत, म्हणून तो घरीच येणार होता आणि पडद्याआडून बाईचा जबाब घेणार होता.

"सरकारापुढं खोटं बोलू का मी?" बायडाबाईनं विचारलं.

"खोटं काय त्यात? गाव तुला काय म्हन्तं? साखराबाई. आमी काय म्हन्तो? साखराबाईचे लेक."

"गाव म्हनू दे. माझी माय जित्ती हाय, विठ्ठल. मी म्हनले माझा बाप रावजी, तर मग ती कोन?"

उत्तर सुंदररावांनी दिलं, मान वर न करता. "कुनी न्हाई. नांदूरघाटची एक म्हातारी."

आतून डाळीचं सूप आपटल्याचा आवाज आला. छबुबाई उठून उंबऱ्यात आली होती.

"आन माझी साखरा?" ती भावाला म्हणाली. "ती मेलीच न्हाई म्हना की मग. ह्या हातानं न्हाऊ घातलंय तिला. गावात खांदा द्यायला मानूस न्हवतं, तू तापात पडला व्हतास. गाडीत घालून म्या नेली. बाईमानूस मसनात गेलं म्हनून वरीसभर लोकं माझ्या हातचं पानी पेली न्हाईत. ते समदं काय सपान पडलतं का मला?"

"आक्का, तुमी मधी पडू नका," सुंदरराव म्हणाले.

"पडनार. हिला काय करायचं ते करा. माझ्या साखरेचं मरन पुसू नका."

विठ्ठलराव हसला. आत्यानं आईची बाजू घेतलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती, आणि खरं तर ती आजही घेत नव्हती. बायडाबाई मात्र चकित होऊन नणंदेकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघींना एकच गोष्ट नको होती.

केसरबाई परळीकडच्या आपल्या सासरहून दोन दिवसांपूर्वी आली होती. ती दोन वर्षांच्या लेकीला निजवून बाहेर आली आणि आईजवळ टेकली. बायडाबाईचा सगळा भरवसा या लेकीवर होता.

"दादा, कावून तिला छळतोस?" केसर म्हणाली. "तिला न्हाई म्हनायचं तर जाऊ दे मळा. त्यांचाच हाय त्यो."

"बग," बायडाबाई म्हणाली. "लेकीला कळतंय."

सुंदररावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "केसर, तुझं लगीन ठरलं तवा तुझ्या सासऱ्यानं पहिली गोष्ट काय इचारली, ठाव हाय?"

केसरनं आत निजलेल्या लेकीकडं बघितलं.

"मामाकूळ इचारलं. म्या सांगितलं कड्याचे देशमुख. त्यावर त्यांनी नारळ घेतला. आता उद्या सरकारी कागदावर आलं की हिचा बाप दगडूबा, दुसऱ्याच्या मोटंवर राबनारा, तर त्यो कागद परळीला पोचायला किती दिस लागतील?"

केसरला आपल्या थोरल्या जावेचं तोंड आठवलं. स्वयंपाकघरात काही उणंदुणं निघालं की सासूच म्हणायची, देशमुखांची नात हाय ती, तिला बोलू नका. त्या एका वाक्याच्या आधारानं केसर त्या घरात पाच वर्षं ताठ मानेनं वावरली होती. नवऱ्याचं प्रेम होतं, असं नाही. हुशारी होती, तिचा उपयोग नव्हता. नांदूरघाटच्या आजीकडं ती लहानपणी दोनदा गेली होती. आजीनं तव्यावरच्या भाकरीला तेल-तिखट लावून दिलं होतं. गोड आठवण होती. पण आठवणीवर त्या घरात कुणी पाटावर बसवून घेणार नव्हतं, आणि पुढं तिच्या लेकीलाही कुणी बसवणार नव्हतं.

"माय," ती म्हणाली, "एकदा म्हन की. तुला काय फरक पडतो? तशीबी तू साखराबाईच हायस."

बायडाबाईनं लेकीच्या मांडीवरचा हात काढून घेतला. विठ्ठलरावानं कागद सरळ केला आणि पुन्हा विचारलं, "वालिद?"

"रावजी," ती म्हणाली. "रावजी देशमुख. कडा."

*

संध्याकाळी दिवेलागणीला सुंदरराव देवघरापुढं एकटेच बसले होते. बायको वात सारून बाहेर जायची ती गेली नाही, तिथंच उभी राहिली.

"एक इचारू का?"

"इचार."

"माझं नाव काय?"

पाटलांना वाटलं, उद्याचं पाठ करतेय. "साखराबाई."

"त्याच्या आधीचं. माहेरचं."

सुंदररावांनी आठवून बघितलं. ते कठोर माणूस होते, पण खोटारडे नव्हते. निदान घरात नव्हते. त्यांना गव्हाचं ताट आठवलं, भटजींचा ओला हात आठवला, एक खाली घातलेली मान आठवली. नांदूरघाटची सासू आली की लेकीला "बाये" म्हणायची, पण बाये तर सगळ्याच आया म्हणतात. त्यांनी स्वतः बायकोला कधी कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. पहिलीला नाही, दुसरीलाही नाही. ऐकलं का, एवढ्यावर दोन संसार झाले होते. आणि आता नीट बघितलं तर त्यांना पहिलीचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. मनात कुणी आली तर ती हीच, समोर उभी असलेली. हे तिला सांगावं, असं त्यांना वाटून गेलं. सांगितलं असतं तर कदाचित उद्याचा दिवस वेगळा गेला असता.

"बायामानसाला नाव घेऊन काय करायचंय?" ते म्हणाले. "दोन लेकरं दिली देवानं, घर हाय, मान हाय. आजूक काय पायजे?"

"काई न्हाई," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

बाहेर अंगणात तिची माय उभी होती.

भिवराबाई नांदूरघाटहून सकाळीच चालत निघाली होती. पायाला चिंध्या बांधल्या होत्या. बाजारात तिनं ऐकलं होतं की सरकारी माणूस तिच्या लेकीचं नाव विचारायला येणार आहे. म्हातारीनं सरळ विचार केला. लेकीचं नाव आईइतकं कुणाला ठाऊक? साक्ष लागली तर आपण असावं, म्हणून ती आली होती. येताना पदराला कुळिथाची पुरचुंडी बांधून आणली होती.

तिला आधी विठ्ठलरावानं बघितलं. त्यानं आजीला दंडाला धरून घराच्या मागल्या गोठ्यात नेलं. पकडीला जोर नव्हता, पण धरलेला दंड सोडलाही नव्हता.

"आजी, नीट ऐका. उद्या माय सायबाला सांगनार की ती कड्याची हाय. तुमी मधी तोंड उघडलं, तिला लेक म्हनलं, तर ती सरकारापुढं खोटी पडती. खोट्या जबाबाला बायामानसालाबी कैद हाय. मंजूर का?"

"अगं बया," भिवराबाई म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई बाबा. मी गप बसंन. मला कशाला बोलायचंय."

"उद्याच न्हाई. कवाच न्हाई."

म्हातारीनं मान हलवली. बैलांच्या दावणीशेजारी बसून ती पायाच्या चिंध्या सोडायला लागली. बायडाबाई दुपारची भाकरी घेऊन आली तेव्हा विठ्ठलराव गोठ्याच्या दारातच उभा होता, म्हणून मायलेकी बोलल्या त्या पावसापाण्याचं.

*

स्वयंपाकघरात चूल पेटवून झाली होती. बायडाबाई परातीपुढं बसून रडत होती. आवाज न करता रडायची तिला सवय होती. छबुबाई आली आणि समोर बसली.

छबुबाईनं या भावजयीचा मनापासून द्वेष केला होता. कारण अगदी साधं होतं. साखरा तिच्याहून धाकटी, तरी तिची मैत्रीण होती. ती गेली आणि तिच्या जागेवर, तिच्या पाटावर, तिच्याच नावानं एक काळीसावळी रडवी पोर आणून बसवली. छबुबाईनं त्या पोरीला एक दिवस सुखानं साखरा होऊ दिलं नाही. साखरा भाकरी अशी थापायची. साखरा घागर एका हातानं उचलायची. साखरा आडात पडली तरी रडली नव्हती, आन तू विंचवाला रडतीस. अठ्ठावीस वर्षं रोज एक गोष्ट. तेवढं बोलून तिची साखरा तिनं जिवंत ठेवली होती.

"रडू नगंस," छबुबाई म्हणाली.

"वन्सं, तुमी तरी सांगा. मी कोन हाय?"

"बायडा."

बायडाबाईनं दचकून वर बघितलं.

"ठाव हाय मला," छबुबाई म्हणाली. "गव्हाचं ताट म्याच आनलतं. तू भटजीला हळूच म्हनलीस, माझं नाव बायडा हाय, तेच ऱ्हाऊ द्या. कुनी ऐकलं न्हाई. म्या ऐकलतं."

"मग इतकी वर्सं कावून न्हाई म्हनलं?"

"न्हाई म्हनले. सूड म्हन." छबुबाईनं परातीतलं पीठ पुढं ओढलं आणि स्वतःच मळायला घेतलं. "तुला तिचं नाव दिलं, म्हनून म्या तुला तुझं दिलं न्हाई. तवा वाटलं, हिनं माझ्या साखरेचं घेतलं. आज दुपारी कळलं, घेनारे येगळेच व्हते. तिच्याकडून मरन घेत्यात आन तुझ्याकडून जलम."

"उद्या काय करू मी?"

"मला काय इचारतीस? मी मला तरी कवा इचारलं? ह्या घरात मी सुंदररावाची आक्का हाय. त्यो मेला तर मी त्येबी न्हाई."

दोघींनी मिळून भाकरी केल्या. ज्या भाकरीला पापुद्रा आला नाही, तिला छबुबाई नावं ठेवणार होती, पण सवयीनं उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं.

*

पेशकार सकाळी नऊच्या सुमाराला घोड्यावरून आला, बरोबर एक कारकून आणि दोन शिपाई. ओसरी आणि माजघर यांच्या मधल्या दारात जाड पासोडी टांगली होती. आत बायडाबाई, तिच्यामागं छबुबाई आणि केसर. बाहेर जाजमावर पेशकार, पाटील, विठ्ठलराव, गावातली चार वजनदार माणसं आणि एका कडेला बंकट. बंकट तिशीतला, डोक्याला लाल रुमाल, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. तो रावजींकडं दत्तक आला तेव्हा साखराबाईला जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ही पासोडी बघून तो मनातून खचला होता.

"बाईसाब, डरो मत," पेशकार म्हणाला. "नाव सांगा."

"साखराबाई."

"जौजे?"

ती थांबली. मग पडद्याआडून आवाज आला, "सुंदरराव."

"वालिद?"

माजघराच्या मागल्या भिंतीला लागूनच गोठा होता. तिथं बैलांनी वैरण ओढल्याचाही आवाज ऐकू येई. म्हणजे इथला तिथं जात असणारच. बायडाबाईला ते ठाऊक होतं.

"रावजी देशमुख," ती म्हणाली. "कडा."

गावातल्या चौघांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघांनी बायडाच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या.

"हुजूर, मला एक इचारायचंय," बंकट म्हणाला. पेशकारानं हात हलवला. बंकट पासोडीपुढं येऊन बसला. "माझी आई मरताना एक गोष्ट सांगून गेली. माझी बहीन लहानपनी आडात पडलती. ही जर माझी बहीन असंल तर सांगू दे, तिला आडातून कुनी काढलं?"

हा प्रश्न विठ्ठलरावाच्या कागदावर नव्हता. सुंदररावांना तर ही गोष्ट माहीतही नव्हती. बायकोला विचारावं, असं काही त्यांनी पहिलीलाही विचारलं नव्हतं. आत बायडाबाईनं मान वळवून छबुबाईकडं बघितलं. छबुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही.

"कुनी न्हाई काढलं," बायडाबाई म्हणाली. "पानी कमी व्हतं. कपारीला धरून धरून मीच वर आले. बापानं आधी थोबाडीत मारली आन मग बाजारातून खायला गुडीशेव आनली. मी रडले न्हवते."

बंकटनं डोकीचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "हां," तो म्हणाला. "असंच सांगितलतं."

पेशकारानं कारकुनाकडून लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मुसम्मात साखराबाई हयात आहे, अर्ज खारिज. विठ्ठलरावानं मिशीवरून बोट फिरवलं. सुंदररावांनी पानाचं तबक पुढं सारलं. पण पेशकार जुन्या शिस्तीचा माणूस होता, कागद पुरा केल्याशिवाय पानाला हात लावत नसे.

"बाईसाब, एक आखरी सवाल. शेत तुमचं हाय. तुमी हयात हात तोवर त्यावर शौहरचा हक न्हाई, लेकाचा न्हाई, कुनाचा न्हाई. ठेवायचं असंल तर ह्या कागदावर अंगठा. नको असंल तर राजीनामा लिवून द्या. इचारनं आमचं काम हाय. तुमची मर्जी काय?"

आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं. बापानं विचारलं नव्हतं, भटजीनं नाही, नवऱ्यानं नाही. काल दिवसभर घरातली चार माणसं तिच्यासाठी भांडली आणि त्यातल्याही कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते या परक्या माणसानं, आणि तेही साखराबाईला.

"राजीनामा दिला तर शेत कुनाला जातं?" पडद्याआडून तिनं विचारलं.

"पट्ट्यात जसं लिवलंय तसं. देशमुखांना परत."

"मग राजीनामा लिवा."

विठ्ठलराव ताडकन उठला. "हुजूर, तिला समजलं न्हाई. बायामानूस हाय, घाबरलीय. ती काय बोलतीय तिचं तिला—"

"बैठो," पेशकार म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुमचंच म्हननं हाय, ही साखराबाई. तिचं शेत, तिचा राजीनामा. ही साखराबाई नसंल तर तसं सांगा. मग झूठा बयान झाला. बाप-लेक दोघं माझ्याबरोबर केजला चला, आन पाटीलकीचं काय करायचं ते तहसीलदारसाब बघतील. पाटील, तुमी सांगा. ही कोन हाय?"

सगळ्यांनी सुंदररावांकडं बघितलं. सुंदररावांनी पासोडीकडं बघितलं. पलीकडं कोण बसलं आहे, हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नीट कळलं, आणि आता सांगायची सोय उरली नव्हती.

"साखराबाईच हाय," ते म्हणाले.

पासोडीच्या खालून एक हात बाहेर आला. बांगड्या कोपरापर्यंत मागं सारलेल्या, अंगठा वर केलेला. कारकुनानं शाई लावली. हात मागं गेला नाही.

बंकटला आपण हरलो की जिंकलो, हे अजून नीट उमगलं नव्हतं. त्यानं पासोडीपुढं डोकं टेकलं. "अक्का," तो म्हणाला, "दिवाळीला मुऱ्हाळी धाडतो. माहेरला या." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. आत छबुबाईनं पदर तोंडात कोंबला. तिच्या साखरेचा मळा तिच्या साखरेच्या माहेरी गेला होता.

*

पेशकार चावडीकडं गेला. त्याचे दोन शिपाई मात्र अंगणातच घोड्याला चारा टाकत थांबले होते, म्हणून विठ्ठलरावाला ओरडता येईना. तो माजघरात येऊन दात आवळून बोलला.

"अठरा एकर बागाईत घालवलीस. काय मिळालं तुला?"

"काई न्हाई मिळालं," बायडाबाई म्हणाली. "मला मिळनार न्हवतंच काई. तुमालाबी मिळू न्हाई, एवढंच वाटलं."

"पोटच्या लेकाबद्दल असं वाटलं?"

"हां. लई वाटलं."

केसर रडायला लागली. तिचं मामाकूळ सरकारी कागदावर कायम झालं होतं. हवं ते मिळालं होतं, आणि आईकडं बघायची मात्र तिला लाज वाटत होती. सुंदरराव दारात आले.

"कोन समजतीस तू सोताला?" ते म्हणाले.

"आत्ता तुमीच सांगितलंत की सायबाला."

ती त्यांच्या बाजूनं बाहेर पडली. अंगठ्याची शाई तिनं पुसली नव्हती. जिंकल्यासारखं तिला जे काही वाटत होतं, ते अंगण ओलांडेपर्यंत टिकलं.

भिवराबाई गोठ्याच्या दारात उभी होती. चिंध्या पायाला पुन्हा बांधून झाल्या होत्या, काठी हातात होती. कुळिथाची पुरचुंडी तिनं गव्हाणीच्या कडेला ठेवली होती.

"माय, बस की. भाकर खाऊन जा."

म्हातारीनं मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते.

"ऐकलंस का तू समदं?"

"लई चांगलं बोललीस," भिवराबाई हळूच म्हणाली. "अडखळली न्हाईस."

"माय, मला तसं म्हनायचं न्हवतं. बापाचं नाव माझ्या तोंडावर व्हतं."

भिवराबाईनं घाईनं शिपायांकडं बघितलं. त्यातला एक घोड्याची पाठ थोपटत इकडंच बघत होता. विठ्ठलराव ओसरीच्या पायरीवर येऊन उभा होता. म्हातारी दोन पावलं मागं सरकली, पाटलाच्या घरच्या बाईसमोर परक्यानं उभं राहावं तेवढ्या अंतरावर.

"एकदा हाक मार," बायडाबाई म्हणाली. "मग जा. एकदा नुसती हाक मार, माय."

भिवराबाईचे ओठ हलले. लेकीच्या तोंडावरून हात फिरवावा म्हणून हात वरही आला होता. तो तिनं नमस्काराला जोडला.

"येते मी, साखराबाई," ती मोठ्यानं, शिपायांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लई उपकार झाले. रातच्याला आसरा दिला."

शिपायानं तोंड फिरवून घोड्याचा पट्टा आवळायला घेतला. विठ्ठलराव पायरीवरून हलला नाही. म्हातारी काठी टेकत वाट बघत होती; निरोप मिळाल्याशिवाय परक्याच्या दारातून जायची रीत नाही.

"या," बायडाबाई म्हणाली.